चंद्रकळा, शिरोदक, शनेल

लिफ्टची वाट बघत आम्ही तिघी उभ्या होतो. शेजारच्या मुलीच्या हातात बुटांचं खोकं होतं, झाकणाला पेनानं पाडलेली भोकं होती, आणि एका भोकातून काळं ओलसर नाक मधूनच बाहेर येत होतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "बोका की मांजरी गं?" "मांजरी." "अगंबाई, काळी?" "हो काकू, सगळी काळी. गळ्याखाली फक्त एवढासा पांढरा ठिपका आहे." "नाव ठेवलंस की नाही?" मुलगी जरा घुटमळली आणि म्हणाली, "शनेल." वहिनी हसल्या. मनानं चांगली बाई, हसण्यात काही विष नव्हतं. पण हसता हसता त्या म्हणाल्या, "काळी ती काळी, त्यात मांजरी, आणि नाव म्हणे शनेल!" तेवढ्यात लिफ्ट आली. मुलीनं ते खोकं छातीशी जरा जास्तच घट्ट धरलं आणि आकड्यांकडे बघत राहिली.

ते वाक्य माझ्या मनातून जाईना. भाजी निवडताना, रात्री दार लावताना ते पुन्हा पुन्हा कानात यायचं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी म्हणजे त्या पिल्लाच्या दोन उण्या बाजू, आणि तिसरी गोष्ट त्या उणेपणाला न शोभणारी, असा त्याचा सरळ हिशेब होता. हेच पिल्लू पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं, पैसे मोजून आणलेलं पर्शियन असतं तर 'शनेल' हे उंची फ्रेंच फॅशनचं नाव ऐकून कुणी हसलं नसतं. उलट 'किती गोड' म्हणाले असते. म्हणजे नावात काही वावगं नव्हतं. ज्या जिवाला ते दिलं त्याची तेवढी पायरी नाही, असं ते हसणं सांगत होतं. आणि असं हसणं मी लहानपणी पुष्कळ ऐकलं आहे, तेही मांजरांच्याच नावांवरून.

मी कापडाच्या दुकानात वाढले. सांगलीच्या कापडपेठेत अण्णांचं दुकान होतं. पुढे पांढरी गादी, तिच्यावर लोखंडी गज आणि कात्री, मागे भिंतभर फडताळं, आणि लाकडी शिडीनं वर गेलं की माळ्यावर ठाणांची चळत. नव्या कापडाच्या खळीचा तो कोरडा, पिठूळ वास आजही एखाद्या जुन्या दुकानात शिरलं की मला थेट शाळेच्या वयात नेऊन ठेवतो. पावसाळ्यात माळ्यावर उंदीर व्हायचे. उंदरानं एक रात्र ठाणात काढली तर घडीवर घडी भोकं पडत जातात, आणि ते कळतं गिऱ्हाइकासमोर कापड उलगडल्यावर. म्हणून पेठेतल्या बहुतेक दुकानांत मांजर असायचंच. पण असायचा तो बोका. मांजरीला पिल्लं होतात, दोन-सव्वादोन महिन्यांत चार-पाच जीव वाढतात, ते कोण निस्तरणार? तेव्हा मांजरांची शस्त्रक्रिया वगैरे गोष्ट आमच्या गावात कुणाच्या कानावरही नव्हती. त्यामुळे पिल्लं झाली की लोक शेपटी उचलून बघायचे, बोके ठेवून घ्यायचे आणि बाकीची पोत्यात घालून बाजाराच्या टोकाला नेऊन सोडायचे. सोडलेल्यांतली काही रांगत, ओरडत आमच्या दुकानाच्या फळ्यांखाली येऊन बसायची. मुनीमजी कपाळाला हात लावायचे. अण्णा मात्र फळीखाली हात घालून पिल्लू काढायचे, आणि त्याचा कान अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच चोळायचे. कापडाचा पोत बघायची त्यांची हीच रीत होती. गिऱ्हाइकानं काहीही सांगितलं तरी ते डोळे मिटून बोटांनी खात्री करून घ्यायचे. पिल्लाचा कान असा चोळून झाला की त्याला उजेडात धरायचे, पाठ बघायचे, पोट बघायचे, शेपटीचं टोक बघायचे. मग नाव द्यायचे.

नाव कापडाचंच असायचं.

काळी आली की ती चंद्रकळा. हे नाव त्यांचं आवडतं होतं, आणि एक चंद्रकळा गेली की दुसरीला ते मिळायचं. पांढरी असेल तर शिरोदक. आता हे नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं, पण शुभ्र पांढऱ्या पैठणीला जुने लोक शिरोदकच म्हणायचे. हाक मारताना तिची शिरू व्हायची. एका मांजरीच्या चेहऱ्याची उभी वाटणी झालेली होती, नाकाच्या डावीकडे सगळं काळं आणि उजवीकडे तांबूस, तर तिचं नाव जमना. कारण ज्या साडीचा एका बाजूचा काठ एका रंगाचा आणि दुसऱ्या बाजूचा दुसऱ्या रंगाचा असतो तो गंगाजमनी काठ. डोक्यावर आणि कानांवर तेवढाच काळा रंग, बाकी पांढरी, ती कुंची. धुरकट अंगाची आणि शेपटीला मात्र तांबडे पट्टे असलेली एक होती, ती इरकल. इरकली लुगड्याचं अंग काळंनिळं असलं तरी टोपपदर लालच असतो. अंगाचे उभे धागे वेगळे आणि पदराचे उभे धागे वेगळे, ते एकेक फास घालून एकमेकांत अडकवतात. अण्णा आम्हाला ती जागा बोटानं चाचपून दाखवायचे आणि मग मांजरीच्या शेपटीच्या मुळाशी बोट ठेवून म्हणायचे, "इथं बघा, इथं जोडलीय."

आम्हा भावंडांना तेव्हा मांजरपाट हे मांजरांसाठीच विणलेलं कापड वाटायचं. ते जाडंभरडं, न धुतलेलं, पिवळट कापड, त्याच्या गठ्ठ्यावर मांजरी खरोखरच झोपायच्या. पण जात्या त्या चोखंदळ. मांजरपाटावर दुपार काढली तरी संध्याकाळ झाली की खणांच्या चळतीवर. गुळेदगुड्डहून खणांचं पार्सल आलं की त्यातला वरचा खण बाजूला काढून ठेवायचा, तो मांजरींचा, असा अण्णांचा नियम होता. बाकीच्यांवर केस नकोत म्हणून. पण तो वरचा खण ते निवडून काढायचे, नजरेला येत होतं.

पेठेतले लोक हसायचे. "अण्णा, मांजरीचं नाव शिरोदक? पैठणी विकायला ठेवलीय की काय?" अण्णा त्यावर कधी वाद घालत नसत. पुढचं गिऱ्हाईक आलं आणि त्याच्या बरोबरच्या मुलीनं पायाशी आलेलं पिल्लू उचललं की मात्र ते आपल्या धंद्याच्या आवाजात सांगायला लागायचे. ही इरकल आहे. हिचा टोपपदर बघा. हे तांबडं इथून सुरू होतं आणि टोकाला काळं होतं. त्यांच्या सांगण्यानं ती बाई, ती मुलगी, शेतावरून बियाणं न्यायला आलेला तिचा बाप, सगळे त्या पिल्लाकडे बघायला लागायचे. तोवर त्यांनी त्याच्याकडे 'एक मांजर' म्हणून नजर टाकलेली असायची. आता त्यांना रंग दिसायचा, रंग बदलतो ती जागा दिसायची. आणि मी हे कितीदा तरी बघितलं आहे की, ज्या पिल्लाला नाव होतं ते घरी गेलं. मादी आहे हे कळूनही गेलं.

गोधड्या शिवणारी एक मावशी दुकानात यायची. ठाण फाडताना निघालेल्या पट्ट्या, डाग पडलेले तुकडे, नमुन्याची कापडं अण्णा तिच्यासाठी एका गाठोड्यात टाकून ठेवायचे. ती गादीच्या कडेला उकिडवी बसून तुकडे निवडायची, रंगाशेजारी रंग ठेवून बघायची, आणि तिचा हात असा चालायचा की मी गृहपाठ सोडून बघत बसायची. एकदा तिथंच फळीखालून एक पिल्लू निघालं. पांढरं, त्यावर काळे आणि केशरी तुकडे. अण्णा म्हणाले, "मावशी, ही तर तुमचीच. गोधडी." सगळे हसले, मीही हसले. मावशी हसली नाही. पिल्लू मांडीत घेऊन ती म्हणाली, "मालक, नाव ठिवायचं तर चांगलं ठिवा की. माझं ठिवलं तेवढं पुरं झालं." तिचं स्वतःचं नाव टाकाऊ कापडावरून ठेवलेलं होतं. आधीची भावंडं जगली नव्हती, आणि ही तर मुलगी, नजर तरी कशाला लागेल. दुकानात एकदम शांतता झाली. अण्णा गादीवरून उठले, ते सहसा उठत नसत, आणि तिच्यासमोर खाली बसून विचारलं, "मग तुम्हीच सांगा." ती म्हणाली, "पैठणी."

आमच्या दुकानात पैठणी नसायची. लग्नासाठी कुणी सांगितली तर येवल्याहून मागवायची, आणि ती आली की अण्णा हात धुऊन घडी उघडायचे. अशा वेळी आम्हा मुलांनाही लांबून बघू द्यायचे. मोर, मुनिया, आसावलीची वेल. उलट बाजूनंही सुलट बाजूसारखीच दिसते म्हणून पदर उलटा करून दाखवायचे. त्या मावशीनं अंगावर पैठणी कधी घेतली असेल असं मला वाटत नाही. पण तिच्या दारात पुढे कित्येक वर्षं पैठणी होती. तिच्या गल्लीतल्या बायका संध्याकाळी "पैठणे, ये गं" अशी हाक ऐकून हसायच्या म्हणे. तिनं कधी नाव बदललं नाही.

सिंधुताई सपकाळ यांचं लहानपणीचं नाव चिंधी होतं, हे मी मोठेपणी वाचलं तेव्हा मला ती दुपार आठवली. २०११ साली साताऱ्यात 'नकुशी' नावाच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली, त्याचे फोटो वर्तमानपत्रात आले होते. हातात प्रमाणपत्र धरून उभ्या मुली. कुणी नटीचं नाव घेतलं, कुणी देवीचं. तेव्हाही काही लोक हसले होते की खेड्यातल्या पोरी, आणि नावं बघा यांची! मला त्या फोटोत काही हसण्यासारखं दिसलं नाही. जिचं आजवरचं नावच 'नको' असं होतं तिनं हात लांब करून सगळ्यात झगमगीत नाव उचललं, यात कमी-जास्त काय मोजायचं? मुलीची आणि मांजरीची बरोबरी मी करत नाही. पण 'मादी आहे का? मग नको' हे वाक्य दोघींच्याही वाट्याला येतं, आणि ते म्हणताना माणसांचा चेहरा कसा होतो ते मी दोन्हीकडे बघितलं आहे.

तर, शनेल.

त्या मुलीला मी एके दिवशी विचारलं की हेच नाव का. मला वाटलं होतं, दोन सी एकमेकांत अडकलेली ती खूण कुठल्यातरी पर्सवर बघितली असेल. तिनं मोबाइलवर मला एक फोटो दाखवला: काळा साधा झगा, मोत्यांच्या माळा, तोंडात सिगारेट धरलेली बाई. म्हणाली, "काकू, हिनं काळा रंग भारी केला." आठवीतल्या मुलीच्या तोंडून असं वाक्य आलं की थांबून ऐकावं लागतं. आणि मग मी त्या बाईविषयी वाचत गेले. गाब्रिएल शनेल, जन्म १८८३. बाप गावोगावच्या बाजारात कामकऱ्यांचे कपडे, आतले कपडे विकत फिरणारा. ती अकरा वर्षांची असताना आई गेली आणि बापानं मुलींना ओबाझीनच्या मठातल्या अनाथाश्रमात नेऊन सोडलं. तो परत आला नाही. शिवणकाम ती तिथं शिकली. कोको हे नाव नंतरचं, मुलँ गावच्या कॅफेत गात होती तेव्हाचं. १९१० मध्ये पॅरिसला कांबाँ रस्त्यावर टोप्यांचं दुकान. पुरुषांच्या आतल्या कपड्यांना वापरायचं ते स्वस्त जर्सीचं कापड तिनं बायकांच्या पोशाखाला घेतलं. आणि १९२६ साली अमेरिकेतल्या 'व्होग' या फॅशनच्या मासिकानं तिच्या साध्या काळ्या झग्याचं चित्र छापलं. तोवर काळा म्हणजे बहुतेक सुतकाचा, नाहीतर नोकराणीचा. महायुद्धाच्या काळात व्याप्त पॅरिसमध्ये जर्मन अधिकाऱ्याशी तिचे संबंध होते, ते वाचून मन आंबलं, आणि ते मी त्या मुलीलाही सांगितलं. पण बाजारात कापड विकणाऱ्याची, बापानं टाकलेली मुलगी, आणि काळा रंग, एवढं त्या खोक्यातल्या पिल्लापर्यंत पोचत होतं. गाडीखालून काढलेल्या काळ्या पिल्लाला त्या मुलीनं जे नाव दिलं ते दुकानाच्या पाटीवरून उचललेलं नव्हतं. तिनं आधी मांजर बघितलं होतं. अण्णा असते तर त्यांनी मान हलवली असती.

मुख्य म्हणजे शनेलनं काळ्याला जे १९२६ मध्ये दिलं ते आपल्याकडे लुगड्यात केव्हाचं आहे. एरवी काळं नेसून मंगलकार्याला कुणी जाऊ देत नाही, पण नव्या नवरीचा पहिला संक्रांतसण असला की काळी चंद्रकळा हवी, तिच्यावर हलव्याचे दागिने हवेत. बाळाच्या बोरन्हाणाला झबलं काळंच. माझ्या आजीची चंद्रकळा मी नेसले आहे. लाल काठ, अंगभर बारीक ठिपके, आणि नेसल्यावर थंडीत खांद्यावर येणारं तिचं ते ऊबदार वजन. काळं मांजर आडवं गेलं की चार पावलं मागे येणारी माझीच माणसं त्या दिवशी मला बघून 'किती खुलून दिसतेस' म्हणाली होती. काळा तोच. मांजरीच्या वाट्याला त्यातला नेमका अशुभ तेवढा येतो.

फॅशनची नावं मांजरींना द्यायची पद्धत आता खूप वाढली आहे. प्राडा, गुची, दिओर, कोको, वर्साचे. सगळीच मला आवडतात असं नाही. प्राडा हे मिलानमध्ये १९१३ साली चामड्याच्या वस्तूंचं दुकान काढणाऱ्या मारियो प्राडाचं आडनाव, गुची हे फ्लॉरेन्सच्या गुच्चिओ गुचीचं. पुरुषांची आडनावं ती, आणि मांजरीच्या अंगावर ती पाटीसारखी लोंबकळतात. मांजर कसंही असलं तरी नाव तेच, कारण ते मांजराकडे बघून ठेवलेलंच नसतं. तरीही एखादी मुलगी रस्त्यावरची पिल्लं उचलून त्यांना प्राडा म्हणत असेल तर मी तिच्या बाजूची आहे. निदान तिला ते पिल्लू किमती वाटलं आहे. माझी तक्रार एवढीच की जरा अजून जवळून बघ, हिच्या पाठीवर काय विणलंय ते बघ.

गंमत अशी की शनेलचं फॅशनचं घराणं ज्यानं १९८३ पासून मरेपर्यंत सांभाळलं त्या कार्ल लागरफेल्डच्या मांजरीला असलं कुठलंच नाव नव्हतं. शूपेत, बर्मन जातीची, दुधाळ अंगाची, निळ्या डोळ्यांची. एका मॉडेल मित्राची ती. २०११ च्या नाताळात त्यानं काही दिवस सांभाळायला म्हणून आणून ठेवली, आणि लागरफेल्डनं ती परत दिलीच नाही. पुढे तिच्या दिमतीला माणसं ठेवली, तिचे फोटो मासिकांत आले. तो २०१९ मध्ये गेला. २०२३ च्या मेट गालाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या फॅशन सोहळ्याला, अभिनेता जॅरेड लेटो त्या मांजरीचं सोंग घेऊन आला होता. आणि शूपेत हे फ्रेंच घरात लहान मुलीला लाडानं म्हणतात तसलं नाव, आपल्या मनी-ठकीच्या रांगेतलं. जगभरच्या कपड्यांना नावं देणारा माणूस त्या मांजरीला मात्र घरगुती नावानं हाक मारत राहिला. मला यात विरोध दिसत नाही. त्यालाही ती दिसली होती, म्हणून तर तो तिला परत देऊ शकला नाही.

इंग्रजीत मांजरांच्या रंगांनाच कापडाची नावं आहेत, हे कळलं तेव्हा मला अण्णांना पत्र लिहावंसं वाटलं. पट्ट्यांच्या मांजरीला टॅबी म्हणतात, ते बगदादच्या अत्ताबिया मोहल्ल्यात विणल्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या रेशमावरून. तीन रंगांची ती कॅलिको, आणि ते कापड कोझिकोडच्या, म्हणजे कालिकतच्या, बंदरातून गेलेलं. आमच्या दुकानात सापडलेल्या त्या पैठणी मांजरीला साता समुद्रापार लोक मलबारच्या सुताच्या नावानं ओळखत होते. ह्या तीनरंगी मांजरी जवळजवळ सगळ्या माद्याच असतात. केशरी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. मादीला दोन एक्स, आणि प्रत्येक पेशीत त्यांतला एक झोपी जातो, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. गर्भात असताना कुठल्या पेशीत कुठला झोपेल याला नियम नाही. जिथं केशरीवाला जागा राहिला तिथं केशरी, जिथं दुसरा जागा तिथं काळं. तो केशरी जनुक नेमका कुठला, हे तर आत्ता २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलं. एक्सवरचा एक छोटा तुकडा गळालेला असतो, आणि त्या गळण्यातून हा रंग उमटतो. टेक्सासमध्ये २००१ च्या डिसेंबरात जगातली पहिली क्लोन केलेली मांजर जन्मली, सीसी. जिच्या पेशीपासून ती केली ती तीनरंगी होती. सीसी मात्र पट्टेरी आणि पांढरी निघाली, केशरीचा मागमूस नाही. सगळं सूत तेच घेतलं तरी तेच कापड पुन्हा विणता आलं नाही. अण्णांच्या दुकानात एक धूपछाव नावाची मांजर होती, काळं आणि केशरी केसाकेसात मिसळलेलं, कुठे एक रंग संपतो ते सांगता येऊ नये असं. धूपछाव कापडात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे हलवलं की रंग फिरतो. ती उन्हातून चालत गेली की खरंच तसं व्हायचं. लोक तिला 'मळकी' म्हणायचे. असली मळकट दिसणारी मांजरी आजही शेवटपर्यंत कुणी नेत नाही, प्राण्यांचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आणि खरं तर तीच एकमेव असते. तिच्यासारखी दुसरी जन्माला येऊ शकत नाही.

नाव तिला कळतं का, असं लोक विचारतात. कळतं. जपानमध्ये आत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे तपासलं. तेवढ्याच लांबीचे दुसरे शब्द ऐकून कंटाळलेली मांजरं स्वतःचं नाव आलं की कान हलवतात, डोकं वळवतात, अगदी अनोळखी आवाजात हाक आली तरी. म्हणून नाव तोंडात नीट बसलं पाहिजे. नारायणपेठ सुंदर साडी आहे, पण संध्याकाळी गॅलरीतून ती हाक मारून बघा. करवतकाठीचंही तसंच. हिमरू मात्र फार गोड. औरंगाबादी हिमरूच्या शालीवर गाल ठेवला की जे वाटतं ते, आणि हाक मारताना ओठ आपोआप पुढे येतात. मश्रू छान आहे, आत सूत आणि बाहेर रेशीम. इरकली काठाच्या प्रकारांत एक चिक्की असतो, एक गोमी. ही दोन्ही नावं मी लहान पिल्लांसाठी राखून ठेवली आहेत. लांब नाव ठेवायला हरकत नाही, फक्त त्याची हाक आधी मारून बघावी. चंद्रकळा मोठी असली तरी 'कळे' म्हटलं की धावत येते.

वहिनींविषयी सांगायला हवं. त्यांनी नंतर कधी त्या नावाचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. शनेल आता चांगली भरली आहे. तिची शस्त्रक्रिया झाली तेव्हा पोटावरचे केस काढले होते ते आता पुन्हा आलेत, काळेभोर. दुपारी ती जिन्याच्या खिडकीत बसते. वहिनी येता-जाता तिला 'शन्नो' म्हणतात. मुलीला ते आवडत नाही, मला आवडतं.

परवा पार्किंगमध्ये अजून तीन पिल्लं सापडली, आणि तिन्ही माद्या. दोघींचं ठरलं. पांढरी शिरोदक, आणि डोक्यावर काळा डाग असलेली कुंची. तिसरी राखाडी, पट्टे अगदी फिके, केस इतके मऊ की बोट कुठे टेकलं ते कळू नये. मुलीचं म्हणणं दिओर, कारण दिओरच्या १९४७ च्या झग्यांत करडा रंग होता असं तिला वाटतं. मला हिमरू हवंय. तिनं डोळे मिटून पिल्लाचा कान चोळून बघितला, मी न सांगता, आणि म्हणाली, "बरं, हिमरू. पण पुढची दिओर." घर शोधायची जाहिरात आम्ही दोघींनी मिळून लिहायला घेतली आहे. अशा जाहिरातींत लोक मादी असल्याचं शेवटी, बारीक अक्षरात लिहितात, किंवा फोन आल्यावर चाचरत सांगतात. आमच्या जाहिरातीत पहिल्या ओळीत नावं आहेत, कापडं कुठली ते एकेका वाक्यात आहे, आणि दुसऱ्या ओळीत तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'तिघीही मांजरी'. आज रात्री ती लावतो आहोत.